दुर्गम तालुक्यात समावेशित शिक्षणाचे शिक्षक-प्रशिक्षण कसे घ्यावे: तयारी, क्रम आणि वारंवार होणाऱ्या चुका

समावेशित शिक्षण म्हणजे दिव्यांग मुलांनी इतर मुलांबरोबर नेहमीच्या वर्गात शिकणे. त्यासाठी तालुक्याच्या ठिकाणी ऐंशी-नव्वद शिक्षकांना एका सभागृहात बसवायचे, दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील दिव्यांगत्वाचे २१ प्रकार एकामागून एक पडद्यावर दाखवायचे, हजेरीपटावर सह्या घ्यायच्या आणि प्रशिक्षण पूर्ण झाल्याचा अहवाल वर पाठवायचा, ही पद्धत आपल्याकडे रूढ झाली आहे. मीही सुरुवातीची काही वर्षे असेच वर्ग घेतले. तीन-चार महिन्यांनी त्याच शिक्षकांच्या शाळांवर गेल्यावर श्रवणयंत्र कपाटात कुलूपबंद सापडे, कमी दिसणारी मुलगी शेवटच्या रांगेत बसलेली असे, आणि गुरुजी प्रामाणिकपणे सांगत की प्रशिक्षणात ऐकलेले सगळे पटले होते, पण आपल्या वर्गातल्या या एका मुलासाठी उद्या सकाळी नेमके काय करायचे ते समजले नव्हते. चूक क्रमात होती. आधी मुले शोधावीत, मग त्यांच्या शिक्षकांना बोलवावे, मग सभागृहात बसावे, आणि निम्म्याहून अधिक वेळ शाळेत जाण्यासाठी राखून ठेवावा.

हा लेख केंद्रप्रमुख (जवळपासच्या शाळांच्या गटाचे, म्हणजे केंद्राचे, प्रमुख), तालुका पातळीवरील गटसाधन केंद्रातील विशेषतज्ज्ञ व विशेष शिक्षक, आणि या भागात काम करणाऱ्या संस्थांचे कार्यकर्ते यांच्यासाठी आहे. उदाहरणे सातपुड्यातील अक्राणी व अक्कलकुवा आणि मेळघाटातील धारणी व चिखलदरा या तालुक्यांची परिस्थिती डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत.

टप्पा १: वेळापत्रक गावाच्या वर्षाप्रमाणे ठरवणे

या तालुक्यांत दिवाळीनंतर अनेक कुटुंबे मजुरीसाठी बाहेर पडतात आणि त्यांतली बरीचशी होळीच्या आधी परततात. आषाढ-श्रावणात ओढ्यांना पूर आला की काही पाड्यांचा रस्ताच बंद होतो. त्यामुळे आर्थिक वर्षाच्या अखेरीस, निधी खर्च करण्याच्या घाईत, फेब्रुवारीत ठेवलेले प्रशिक्षण ज्या मुलांसाठी असते ती मुलेच त्या वेळी गावात नसतात. मुले शोधण्याचे काम शाळा उघडल्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत, वैद्यकीय तपासणी ऑगस्टमध्ये, दोन दिवसांचे प्रशिक्षण पोळ्याच्या आसपास, आणि शाळाभेटींची पहिली फेरी दिवाळीच्या सुट्टीआधी संपवणे हा क्रम मला सर्वांत सोयीचा वाटला आहे. होळीनंतरचा महिना दुसऱ्या फेरीसाठी राखावा.

टप्पा २: मुले शोधणे

पटावरील दिव्यांग विद्यार्थ्यांची जुनी यादी पुढे चालू ठेवणे ही पहिली मोठी चूक आहे. त्या यादीत डोळ्यांना सहज दिसणारे दिव्यांगत्व असलेली मुले असतात. कमी ऐकू येणारी, कमी दिसणारी, फीट येणारी, वाचन-लेखनात अडकलेली मुले त्यात सहसा नसतात, आणि जे मूल शाळेत कधी आलेच नाही ते तर नसतेच.

घरोघरी जाताना अंगणवाडी सेविका किंवा आशा यांच्यापैकी एकीला बरोबर घ्यावे. "घरात कोणी दिव्यांग मूल आहे का?" असा प्रश्न विचारू नये, कारण त्याचे उत्तर बहुतेक वेळा "नाही" असेच येते. त्याऐवजी कुटुंबाच्या बोलीत, पावरी, भिली किंवा कोरकूत, रोजच्या वागण्याविषयी विचारावे. कोणते मूल इतरांपेक्षा उशिरा बसू किंवा चालू लागले? मागून हाक मारली तर कोण वळून पाहत नाही? अंधार पडू लागताच कोण अडखळते? कोणाचा कान सतत वाहतो? कोण अचानक पडते, आखडते किंवा काही क्षण एकटक पाहत राहते? कोणाच्या हातापायांचे सांधे वारंवार दुखतात? अशा प्रश्नांना आई किंवा आजी नेमकी उत्तरे देते, कारण तिने ते पाहिलेले असते.

सांध्यांचा प्रश्न मुद्दाम घातला आहे. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार २०१६ च्या कायद्यातील २१ प्रकारांत येतो आणि आदिवासी पट्ट्यात त्याचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत, तरीही शिक्षकांच्या याद्यांत तो जवळपास कधीच आढळत नाही. असे मूल "आळशी" किंवा "सतत गैरहजर" म्हणून नोंदले जाते.

शाळेतील मुलांसाठी एनसीईआरटीने तयार केलेली "प्रशस्त" ही पडताळणी सूची वापरता येते. ती भरण्यापूर्वी वर्गशिक्षकाने मुलाला किमान दोन आठवडे पाहिलेले असावे. एका दुपारी साठ मुलांच्या सूच्या भरल्या गेल्या असतील, तर त्या पुन्हा भरून घ्याव्यात.

सावधान: घरी कोरकू किंवा पावरी बोलणारे पहिलीतले मूल मराठी प्रश्नाला उत्तर देत नाही म्हणून त्याच्या नावापुढे "बौद्धिक अक्षमता" अशी नोंद झालेली मी अनेकदा पाहिली आहे. अशी कोणतीही शंका लिहिण्यापूर्वी त्याची बोली येणाऱ्या व्यक्तीने त्याला तेच काम सांगून पाहावे: दोन दगड आण, मोठे पान दे, बहिणीला बोलाव. बोलीत सांगितल्यावर मूल हे सहज करत असेल, तर त्याला आपले मराठी कळत नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे.

तपासणी: यादीत शाळाबाह्य मुले आहेत का? आश्रमशाळेत राहणाऱ्या मुलांची नावे आली आहेत का? मुलींची संख्या मुलांपेक्षा फारच कमी असेल, तर काही घरे पुन्हा पाहावी लागतील.

टप्पा ३: प्रशिक्षणाआधी डोळे, कान आणि कागदपत्रे

चष्म्याने सुटणारा प्रश्न प्रशिक्षणाने सोडवण्यात काही अर्थ नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा येते. त्याच्या दौऱ्याची तारीख आधी मिळवून आपली यादी त्याच्या हाती द्यावी, म्हणजे ज्या मुलाविषयी शंका आहे त्याची तपासणी घाईत उरकली जात नाही. वाहणारा कान असलेल्या प्रत्येक मुलाला उपचारासाठी पाठवावे, कारण वेळेत उपचार झाले तर ऐकण्याचे कायमचे नुकसान बऱ्याचदा टळते.

दिव्यांगांच्या वैश्विक ओळखपत्रासाठी (यूडीआयडी) अर्ज याच काळात भरावेत. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाची अट विशिष्ट लाभांसाठी आहे. वर्गात पुढे बसवणे, मोठ्या अक्षरात लिहून देणे, वेळ वाढवून देणे यांसाठी कोणत्याही प्रमाणपत्राची गरज नाही, आणि प्रमाणपत्र येईपर्यंत थांबायचे ठरवल्यास मुलाचे वर्ष सहज वाया जाते.

सावधान: सूची भरणारा शिक्षक निदान करत नाही. पालकांशी बोलताना आजाराचे नाव घेऊ नये. "मला असे दिसले, म्हणून डॉक्टरांना दाखवू या" एवढेच सांगावे.

टप्पा ४: कोणाला, कुठे आणि किती जणांना बोलवावे

एका वर्गात २० ते २५ शिक्षक पुरेत. दोन शिक्षकी शाळेतील दोघांनाही एकाच दिवशी बोलावल्यास शाळा बंद पडते, आणि एकालाच बोलावल्यास त्याची बदली होताच सगळे शिकणे त्याच्याबरोबर निघून जाते. म्हणून केंद्र पातळीवर लागोपाठच्या दोन आठवड्यांत तोच वर्ग दोनदा घ्यावा आणि प्रत्येक शाळेतील शिक्षकांनी आलटून पालटून यावे. तालुक्याच्या सभागृहापेक्षा केंद्रशाळा बरी, कारण दुसऱ्या दिवशी खरी मुले व खरा वर्ग लागणार आहे.

आश्रमशाळा असेल, तर अधीक्षक व अधीक्षिका यांना बोलवणे अत्यावश्यक आहे. मूल दिवसातले सहा तास वर्गात असते; उरलेले अठरा तास ते वसतिगृहात काढते, आणि सिकलसेल असलेल्या मुलाला हिवाळ्यात पहाटे गार पाण्याने आंघोळ घालायची की नाही, फीट येणाऱ्या मुलीची गोळी रोज कोण देणार, हे तिथेच ठरते. एक पालक आणि शक्य असल्यास त्याच भागात वाढलेली एक प्रौढ दिव्यांग व्यक्ती मानधन देऊन मार्गदर्शक म्हणून बोलवावी. तिच्या शाळेच्या दिवसांत काय उपयोगी पडले आणि काय बोचले, हे तिच्याकडून ऐकलेले शिक्षक विसरत नाहीत.

टप्पा ५: साहित्य

वीज आणि नेटवर्क नाही असे गृहीत धरूनच तयारी करावी. चित्रफिती आधीच मोबाइलमध्ये उतरवून घ्याव्यात. सूची व नमुने छापून न्यावेत. बरोबर एक चालू श्रवणयंत्र आणि त्याचे जादा सेल, ब्रेल पाटी व सळई, जाड कागद, टेलर फ्रेम (अंध मुलांची गणिताची पाटी) किंवा मणिपाटी, जाड रेघांच्या वह्या, काळे जाड पेन, सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे, सुतळी, पुठ्ठा आणि मोजपट्टी असावी. मोजपट्टी उताराच्या रस्त्यासाठी लागते: १:१२ या प्रमाणाने एक फूट उंच ओट्याला बारा फूट लांब उतार हवा. बऱ्याच शाळांत चार-पाच फुटांतच उतार संपवलेला असतो आणि त्यावरून चाकाची खुर्ची चढत नाही.

टप्पा ६: सभागृहातील दोन दिवस

पहिल्या सत्रात कायदा सांगू नये. प्रत्येक शिक्षकाने आपल्या शाळेतील यादीतले एक मूल निवडावे आणि ते काय करू शकते, कुठे अडते व दिवसभर कोणाजवळ बसते, हे अर्ध्या पानात लिहावे. दोन्ही दिवसांची प्रत्येक चर्चा याच मुलांवर परत यावी. त्यानंतरची सत्रे पुढील क्रमाने घ्यावीत.

अ. जागा आणि प्रकाश. कमी दिसणाऱ्या मुलासाठी फळ्यापासूनचे अंतर, खिडकीचा उजेड मुलाच्या पाठीमागून येणे आणि चकाकणारा फळा पुन्हा काळा करणे, या तीन बदलांना जवळपास खर्च नाही. शिक्षकांनी आपल्या वर्गाचा नकाशा काढून त्या मुलाची जागा ठरवावी.

आ. ऐकणे. श्रवणयंत्र प्रत्येकाच्या हातात द्यावे. चालू यंत्र मुठीत धरले की शिट्टीसारखा आवाज येतो. आवाज आला नाही, तर आधी सेल तपासावा. कानात बसवल्यावरही ते शिट्टी वाजवत असेल, तर कानाचा साचा सैल झालेला असतो, कारण मूल वाढते तसा साचा बदलावा लागतो. यंत्र सगळेच आवाज मोठे करते, म्हणून पत्र्याच्या छपरावर पाऊस कोसळत असताना त्याचा उपयोग फार कमी होतो. अशा दिवसांसाठी लेखी व चित्रांचे काम तयार ठेवावे. फळ्याकडे तोंड करून बोलू नये, मिशी ओठांवर येऊ देऊ नये, आणि वर्गातील दुसऱ्या मुलाने काय उत्तर दिले ते पुन्हा सांगावे. खुणांच्या भाषेवर जाणाऱ्या मुलासाठी नवी दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा शब्दकोश मोबाइलवर पाहता येतो. शिक्षकाने एकट्याने खुणा शिकून भागत नाही. शेजारी बसणाऱ्या दोन मुलांनीही त्या शिकायला हव्यात.

इ. ब्रेल. दोन दिवसांत ब्रेल येत नाही आणि तसा आव आणू नये. सहा बिंदूंची रचना, पाटीवर उजवीकडून डावीकडे लिहिणे आणि कागद उलटून डावीकडून उजवीकडे वाचणे, एवढे कळले की शिक्षक मुलाच्या वहीला घाबरत नाही. ब्रेल शिकवण्याचे काम विशेष शिक्षकाचे आहे. त्याच्या भेटींच्या तारखा याच सत्रात ठरवाव्यात.

ई. बसणे आणि लिहिणे. मेंदूचा पक्षाघात (सेरेब्रल पाल्सी) असलेल्या मुलाचे धड सावरले नाही, तर त्याची सगळी शक्ती पडू नये यातच जाते. गावच्या सुताराकडून कोपरा-आसन करून घेता येते. तोपर्यंत वर्गाच्या कोपऱ्यात दोन भिंतींचा आधार आणि समोर उलटे खोके एवढ्यावर भागते. पेन्सिलीला ट्यूबचा तुकडा गुंडाळला की पकड सुधारते.

उ. लहान पायऱ्या. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला काम शिकवताना त्याचे तुकडे पाडावेत आणि बऱ्याचदा शेवटची पायरी आधी शिकवावी. हात धुताना आपण सगळे करून द्यावे आणि मुलाने फक्त नळ बंद करावा. ते जमले की त्याआधीची पायरी त्याच्याकडे सोपवावी. प्रत्येक वेळी काम पूर्ण झाल्याचा अनुभव त्यालाच मिळतो. शिक्षकांनी वजाबाकी, नाव लिहिणे किंवा ताट मांडणे यांपैकी एकाच्या पायऱ्या लिहून दाखवाव्यात. या सत्राला दीड तास द्यावा, कारण पायऱ्या पाडणे वाटते त्यापेक्षा अवघड आहे आणि पहिल्या प्रयत्नात जवळपास सगळ्यांच्याच पायऱ्या मोठ्या पडतात.

ऊ. फीट आणि सिकलसेल. फीट आल्यावर मुलाला कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ काही ठेवावे, गळ्याजवळचे कपडे सैल करावेत आणि वेळ पाहावी. तोंडात चमचा, बोट किंवा पाणी घालू नये. कांदा किंवा चप्पल हुंगवू नये. हातपाय दाबून धरू नयेत. पाच मिनिटांत थांबली नाही किंवा लागोपाठ दुसरी आली, तर १०८ ला बोलवावे. जिथे गाडी पोहोचायला वेळ लागतो, तिथे गावातील कोणाचे वाहन वापरायचे हे आधीच ठरवून भिंतीवर लिहून ठेवावे. सिकलसेल असलेल्या मुलाला पाणी पिण्याची व लघवीला जाण्याची पूर्ण मोकळीक असावी, त्याला थंडीत व कडक उन्हात कवायत लावू नये, आणि त्याला ताप आला किंवा त्याची छाती दुखू लागली तर डॉक्टरांकडे नेण्यास थांबू नये.

सावधान: डोळ्यांवर पट्टी बांधून शिक्षकांना खोलीत चालवण्याचा खेळ अनेक प्रशिक्षणांत घेतला जातो. तो घेऊ नये, असे माझे ठाम मत झाले आहे. पाच मिनिटांसाठी दृष्टी गेलेला माणूस फक्त भीती अनुभवतो आणि अंध मूल कायम असेच असहाय असते, असा समज घेऊन घरी जातो. काठीने सराईत चालणारे मूल त्याला दिसतच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्रशाळेच्या खऱ्या वर्गात, यादीतल्या किमान दोन मुलांसह, शिक्षकांनी जोडीने वीस मिनिटांचा पाठ घ्यावा. पाठानंतर त्या मुलांसमोर चर्चा करू नये. ती मुले गेल्यावर करावी. कायद्याचे सत्र दुपारी, अर्ध्या तासात संपवावे: ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क, प्रवेश नाकारता न येणे, आणि तीव्र किंवा बहुविध दिव्यांगत्व असलेल्या मुलाला घरी राहून शिक्षण घेण्याचा पर्याय.

सावधान: गृहाधारित शिक्षण हा कुटुंबाचा पर्याय आहे. रस्ता खराब आहे किंवा शौचालय सोयीचे नाही म्हणून शाळेने मुलाला घरी बसवणे यात बसत नाही.

टप्पा ७: एका पानाचा आराखडा

वैयक्तिक शैक्षणिक आराखडे आठ-आठ पानांचे भरले जातात आणि फाइलमध्येच राहतात. एका पानावर चार गोष्टी पुरेत: आज मूल काय करते, दिवाळीपर्यंत कोणत्या दोन गोष्टी साधायच्या, रोज कोण किती वेळ देणार, आणि साधले हे कशावरून ओळखायचे. "गणितात प्रगती करेल" हे उद्दिष्ट तपासता येत नाही. "दहापर्यंत खडे मोजून देईल, पाचपैकी चार वेळा बरोबर" हे तपासता येते. एकच शिक्षक अनेक इयत्ता सांभाळतो अशा बहुवर्ग शाळेत रोज वीस मिनिटांपेक्षा जास्त स्वतंत्र वेळ लिहू नये, कारण तो मिळत नाही. हे पान पालकांना त्यांच्या बोलीत वाचून दाखवावे आणि घरी करायचे एकच काम त्यांना द्यावे.

तपासणी: प्रत्येक शिक्षक सभागृहातून निघताना त्याच्या हातात एका मुलाचे भरलेले पान आणि भेटीची तारीख आहे का? नसेल, तर प्रमाणपत्र देण्याची घाई करू नये.

टप्पा ८: शाळाभेटी

पहिली भेट पंधरा दिवसांच्या आत झाली पाहिजे. उशीर झाला की जुनी सवय परत येते. भेटीत आधी पूर्ण तासभर मागे बसून पाहावे, नंतर एक छोटा भाग स्वतः शिकवून दाखवावा, आणि जाताना एकच बदल सुचवावा. सहा सूचना दिल्या की एकही होत नाही. शाळेच्या दप्तराची, म्हणजे नोंदींची, तपासणी याच भेटीत करू नये, कारण शिक्षक लगेच पाहुण्यासाठीचा पाठ घेऊ लागतो. दिवाळीपूर्वी दोन भेटी आणि मासिक शिक्षण परिषदेत अर्धा तास एवढे किमान धरावे. त्या अर्ध्या तासात एका शिक्षकाने आपल्या मुलाचे पान सर्वांसमोर मांडावे. दोन भेटींच्या मध्ये जिथे नेटवर्क अधूनमधून येते, तिथे ध्वनिसंदेश उपयोगी पडतात, मात्र मुलाचे नाव, छायाचित्र किंवा चित्रफीत मोबाइलवरील गटावर टाकू नये.

भेटीत या गोष्टी प्रत्यक्ष पाहाव्यात: श्रवणयंत्र मुलाच्या कानात आहे का, चष्मा नाकावर आहे का, चाकाची खुर्ची स्वयंपाकघराच्या मागे तर पडलेली नाही ना, शौचालयापर्यंत मूल स्वतः जाते का, मधल्या सुट्टीत ते कोणाबरोबर जेवते.

टप्पा ९: स्थलांतर, बदली आणि परीक्षा

कुटुंब मजुरीला निघण्याच्या आठवड्यात त्या मुलाच्या पानाची एक प्रत पालकांना आणि एक केंद्रप्रमुखांना द्यावी. यंत्राचे सेल, फीटच्या गोळ्या आणि ओळखपत्राची प्रत बरोबर गेली आहे याची खात्री करावी. आजी-आजोबांजवळ मूल ठेवता येईल का, हेही याच भेटीत विचारावे. नववीतल्या मुलांसाठी दहावीच्या सवलतींची कागदपत्रे त्याच वर्षी जमवावीत. तासाला वीस मिनिटांचा वाढीव वेळ किंवा लेखनिक शेवटच्या महिन्यात मागितला, तर धावपळ होते आणि लेखनिकाबरोबर सराव न झाल्याने सवलत असूनही मूल मागे पडते.

होळीनंतर परतलेल्या मुलांची पुन्हा मोजणी करावी, प्रत्येकाचे पान उघडून दोन्ही उद्दिष्टे तपासावीत आणि न साधलेले उद्दिष्ट मोठे होते की वेळ मिळाला नाही, हे शिक्षकाशी बोलून लिहावे. एप्रिलच्या अखेरीस सर्व पाने एका फाइलमध्ये लावून ती मुख्याध्यापकांच्या ताब्यात सही घेऊन द्यावी. जूनमध्ये बदलून येणाऱ्या शिक्षकाला ती पहिल्याच दिवशी मिळेल आणि त्या आठवड्यात विशेष शिक्षक त्याच्या वर्गात जाऊन त्या मुलाची व त्याची ओळख करून देईल, अशी तारीख सुट्टीपूर्वीच ठरवून ठेवावी.